जुन्या पंपाची जागा

३ ऑगस्ट

मापाडीबाईंना मामाचा आशीर्वाद.

फोन का केला नाही म्हणून रागावू नकोस. छत्तीस वर्षं पंपहाऊसच्या धडधडाटात काढल्यावर कानांचं जे व्हायचं ते झालंय. फोनवर मी "काय? काय?" करत बसतो आणि पलीकडचा माणूस रडकुंडीला येतो. मोबाईलवरची अक्षरं मला मुंग्यांसारखी दिसतात. तेव्हा पत्रच बरं. तू हळू वाच, मी हळू लिहितो.

बातमी अशी की छातीतले तीन नळ गंजलेत. तपासणीत फोटोच दाखवला, नाही म्हणायला जागा नाही. बायपास करायची ठरली आहे, आणि योगायोग बघ, करणार तुमच्याच हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर. दीड-दोन महिने थांबायला हरकत नाही म्हणाले. वर असंही म्हणाले, "हृदयाचं मी बघतो. मला काळजी तुमच्या किडनीची आहे."

आपल्या घरात हे काही गुपित नाही. दोन होत्या. थोरली तुझ्या आईला दिली आणि ती तिकडे अकरा वर्षं छान नांदली. धाकटी माझ्याकडे राहिली. मामी तिला 'घरची' म्हणते. घरचीने आजवर एका शब्दाने तक्रार केली नाही, पण आता तिचंही वय झालं. ती बसली तर मी आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या खुर्चीत, आणि ती खुर्ची मी तुझ्या आईच्या वेळी बघितली आहे. मरायची मला फारशी धास्ती नाही. त्या खुर्चीची आहे.

म्हणून तुला विचारतो. हृदय थांबवून रक्त तू चालवतेस त्या मशीनमधून फिरवणार, इथवर मला समजतं. पंप मला कळतो. पण दुरुस्ती हृदयाची आणि मार किडनीला, हे काय गौडबंगाल आहे? पंपवाल्याने पंपवाल्याला सांगावं तसं सांग. गोड बोलून मामा बनवू नकोस, तो मी आधीपासून आहे.

मामीला एवढंच सांगितलंय की "तपासण्या चालल्यात". तूही मूग गिळून बस.

तुझा मामा

&nbsp;

९ ऑगस्ट

मामा,

पत्र वाचून आधी तुझे रिपोर्ट मागवून बघितले, मग 'थोरली छान नांदली' आठवून हसू आलं. तू असाच. आई म्हणायची, माझ्या भावाला फाशी दिली तरी दोराची जाडी विचारेल.

तर पंपवालीचं उत्तर असं. रक्त जन्मभर एकाच घरात राहतं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराशिवाय ते कशालाही शिवत नाही. बायपासच्या वेळी आम्ही ते शरीराबाहेर काढतो, प्लॅस्टिकच्या नळ्यांतून नेतो, त्यात ऑक्सिजन मिसळतो आणि परत आत सोडतो. रक्ताला प्लॅस्टिक ओळखीचं नसतं. त्याला वाटतं घरात चोर शिरला. मग ते आरडाओरडा करतं आणि सगळ्या शरीरातले शिपाई लाठ्या घेऊन धावत सुटतात. चोर सापडत नाही, पण धावपळीत घरच्यांनाच लाठ्या बसतात. फुप्फुसं सुजतात, किडनी सुजते. बहुतेकांची सूज दोन-चार दिवसांत उतरते. एखाद्याची किडनी मात्र खरंच दुखावते.

दुसरं कारण पाणी. मशीन सुरू करण्याआधी नळ्यांमध्ये हवा राहून चालत नाही, म्हणून त्या सलाईनने भराव्या लागतात. दीड लिटर. ते पेशंटच्या रक्तात मिसळतं आणि रक्त पातळ होतं. पातळ रक्त ऑक्सिजन कमी वाहतं आणि त्याची झळ किडनीला आधी पोचते.

आता आम्ही काय करतो ते. नळ्यांना आतून असा लेप असतो की रक्ताला त्या कमी परक्या वाटतात. दाब पडू देत नाही. छातीत सांडलेलं रक्त तसंच्या तसं आत ढकलत नाही, कारण ते सगळ्यात चिडलेलं असतं. आधी धुऊन घेतो. मशीनवर जितकी कमी मिनिटं तितकं बरं, आणि त्या बाबतीत मोठे डॉक्टर म्हणजे काय सांगू! मी नऊ वर्षं त्यांचे हात बघते आहे. घाई कधीच नाही, आणि तरी वेळ वाचलेला असतो. त्यांच्या हाताखाली पडतोयस हे तुझं नशीब समज. एवढं सगळं करूनही धोका शून्य होतो असं मी म्हणणार नाही. कमी होतो.

येत्या गुरुवारी तुला तपासणीला बोलावलंय. त्या दिवशी थिएटर धुवायला बंद असतं. दाराच्या काचेतून माझं मशीन दाखवीन.

आणि एक. तू घेतोस ती सगळी औषधं लिहून आण. सगळी म्हणजे सगळी.

तुझी भाची

&nbsp;

१७ ऑगस्ट

मापाडीबाई,

चोर आणि शिपाई मला चांगले समजले. पंपहाऊसमध्ये असं एकदा झालं होतं. खोटा भोंगा वाजला आणि धावाधावीत आमचाच फिटर जिन्यावरून पडला.

औषधांची यादी गुरुवारी तुझ्या हातात दिली, तीत एक औषध नव्हतं. गुडघ्यासाठी मी दुकानातून एक गोळी आणतो. रोज दोन, सहा वर्षं झाली. तू यादी वाचत होतीस तेव्हा मी भिंतीकडे बघत होतो. आता लिहितो, कारण रात्री ते टोचत राहिलं.

आता मशीनबद्दल. काय देखणं यंत्र आहे गं! मी समजत होतो कपाटाएवढं असेल. ते तर चहाच्या टपरीवरच्या टेबलाएवढं. रोलर कसे तुळतुळीत. मी काचेला नाक लावून उभा होतो तेव्हा तुझी नर्स हसत होती, ते दिसलं मला. ऐकू येत नसलं तरी दिसतं.

पण दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत.

एक. पंप भरून घ्यायला आम्ही बाहेरचं पाणी कधी आणलं नाही. ज्या विहिरीचा पंप, त्याच विहिरीचं पाणी. तुम्ही माणसाच्या पंपात सलाईन का घालता? त्याचंच रक्त का नाही?

दोन. जमिनीवर पिवळ्या पट्टीचा एक चौकोन आहे. तुझं मशीन त्या चौकोनाच्या पार मागच्या कोपऱ्यात उभं आहे आणि चौकोन त्याच्या दुप्पट मोठा आहे. म्हणजे तिथे आधी दुसरं मोठं धूड असणार. ते गेलं, हे आलं, आणि आजही त्याच जागेवर उभं राहतं. ऑपरेशनचं टेबल राहिलं लांब. मग नळ्या लांब.

आमच्याकडे हेच झालं होतं. जुना पंप हत्तीएवढा, नवा आला शेळीएवढा. बसवला जुन्याच्याच चौथऱ्यावर. पाइप पोचेना म्हणून लांबवला, दोन बेंड जास्त घातले. सात वर्षं ते बेंड पंपाचा जोर खात होते आणि मी रोज त्यांच्या शेजारी बसून डबा खात होतो. एके दिवशी नवा पोरगा इंजिनियर आला आणि म्हणाला, हे बेंड कशाला? मला असा राग आला होता त्याचा!

तू मोजून बघ.

मामा

&nbsp;

२० ऑगस्ट

मामा,

गोळी आजपासून बंद. आज म्हणजे हे वाक्य वाचलंस त्या क्षणापासून. मोठ्या डॉक्टरांना मी सांगितलंय. ते नुसते चष्मा काढून बसले. एकच किडनी असलेल्या माणसाने सहा वर्षं ती गोळी खावी, हे म्हणजे घराला एकच खांब आणि त्यालाच कुऱ्हाड. तुझी ऑपरेशनची तारीख तीन आठवडे पुढे गेली, किडनीला सावरायला वेळ मिळावा म्हणून.

आणि ते पिवळ्या पट्टीचं. मामा, हे पंपहाऊस नाही. तिथे नळी कमी पडली तर पाणी सांडतं, इथे कमी पडली तर माणूस जातो. टेबल वर-खाली होतं, डावीकडे कलतं. नळीला ढील लागते. माझ्याहून शहाणी माणसं त्या जागेवर उभी राहून गेली आहेत. दाराच्या काचेतून दहा मिनिटं बघून उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नकोस.

जिने चढू नकोस. पाणी नीट पी.

भाची

&nbsp;

२३ ऑगस्ट

मापाडीबाई,

गोळ्या मामीने कचऱ्यात टाकल्या. हो, तिला सगळं कळलंय. कसं ते खाली वाच.

रागावलीस ते बरोबर आहे. बोलणी खाल्ली, पचली. पण पत्र दोनदा वाचलं आणि 'मी मोजलं' असं त्यात कुठेही सापडलं नाही.

आणखी एक सापडलं नाही. लेप, दाब, रक्त धुणं, मोठ्या डॉक्टरांचे हात, सगळं लिहिलंस. माझ्या वेळी मशीनवर कोण बसणार ते दोन्ही पत्रांत नाही.

मामा

ता. क. – मी मामी. त्याची पत्रं टपालात टाकायला आणि तुझी पेटीतून आणायला मीच जाते हे तुझ्या मामाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या दिवसापासून वाचते आहे. वर्षानुवर्षं एका माणसाबरोबर राहिल्यावर "तपासण्या चालल्यात" एवढ्यावर भागत नसतं. तू त्याला बोललीस ते बरं केलंस. पण तो चौकोनाचं म्हणतोय ते बघ गं एकदा. माणूस हट्टी आहे, खोटा नाही.

&nbsp;

११ सप्टेंबर

मामा, मामी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं हातात काही नव्हतं. आता आहे.

मोजलं. तुझं पत्र आल्यावर तीन दिवस तणतणत होते, चौथ्या दिवशी थिएटर धुवायचा वार होता. शिवणाची टेप घेऊन गेले आणि जमिनीवर बसले. टेबल पूर्ण डावीकडे कलवून, पूर्ण वर घेऊन मोजलं. मशीन चौकोनातून बाहेर काढून टेबलाजवळ आणलं तर दोन्ही नळ्या पाऊण-पाऊण मीटर आखूड होतात, आणि तरी ढील शिल्लक राहते. पट्टी कुणी लावली म्हणून आमच्या सीनियरना विचारलं. या मशीनवर बसायला मला त्यांनीच शिकवलं. ते म्हणाले, "मी आलो तेव्हाही होती." मग जुन्या वॉर्डबॉयला विचारलं, जो आता निवृत्तीला आला आहे. तो म्हणाला, "ताई, त्या वेळचं मशीन चौघांनी ढकलायला लागायचं. ते कुठे उभं करायचं ते कळावं म्हणून पट्टी मारली होती. ते भंगारात जाऊन सोळा वर्षं झाली." म्हणजे सोळा वर्षं आम्ही एका भंगारात गेलेल्या मशीनची जागा राखून ठेवली होती. नळ्यांची पाकिटं त्याच मापाने मागवली जायची. मीही नऊ वर्षं त्यातलीच.

मामा, मला माफ कर. काखेत कळसा होता आणि तो तू मला काचेतून दाखवलास.

टेप हातात घेऊनच मोठ्या डॉक्टरांकडे गेले. ते ऐकत राहिले, मग उठून थेट थिएटरमध्ये आले आणि त्या चौकोनात उभे राहिले. मग म्हणाले, "मी इथे रोज येतो आणि मला हे दिसलं नाही. कुणाला दिसलं?" मी म्हटलं, "तुमच्या एका पेशंटला, माझ्या मामाला. ते पंप ऑपरेटर होते." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आधी पाण्यावर. चार वेळा. मग माणसावर." दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पेशंटने आपल्याला शिकवू नये. या माणसाचं मोठेपण मला त्या दिवशी पुन्हा दिसलं.

चार वेळा पाण्यावर करून बघितलं. पहिल्याच वेळी नर्सचा ट्रे मध्ये आला, म्हणून ट्रेची जागा बदलली. सीनियर म्हणाले की आणीबाणीत आपला हात नळी बंद करायच्या क्लॅम्पपर्यंत पोचला पाहिजे, म्हणून मशीन अर्धा हात मागे घेतलं. आता पाच पेशंट नव्या जागेवरून झाले. आखूड नळ्यांमुळे दीडशे मिली सलाईन कमी लागतं. आकडा छोटा आहे, एक कप चहाएवढा. पाच जणांवरून मी सुतावरून स्वर्ग गाठणार नाही. पण तेवढं पाणी कमी, तेवढं प्लॅस्टिक कमी, आणि त्यासाठी कुणाला काही सोसावं लागलं नाही.

तुझा विहिरीचा प्रश्नही चुकीचा नव्हता. तसं करता येतं. मशीन सुरू करण्याआधी पेशंटचंच रक्त सावकाश नळ्यांत घ्यायचं आणि सलाईन बाहेरच्या पिशवीत ढकलायचं. त्या वेळी दाब टिकला पाहिजे, म्हणून सगळ्यांवर जमत नाही. तुझ्यावर करायचं ठरलं आहे.

आता तुझा तिसरा प्रश्न. त्याचं उत्तर मी लपवत होते.

तुझ्या वेळी मशीनवर सीनियर बसणार आहेत. मीच तसं मागून घेतलं. गेल्या वर्षी एक शिंपी होते. साठीचे, हसरे. मशीनवर मी होते. नियमाने जे जे करायचं ते सगळं केलं, वहीत एक आकडा इकडचा तिकडे नाही. तरी त्यांच्या किडन्या बसल्या. त्यांना डायलिसिसच्या खुर्चीत बघितलं आणि मला आई दिसली. सगळे म्हणाले तुझी चूक नाही, त्यांच्या किडन्या आधीपासून कमजोर होत्या. ते मला कळतं. पण तेव्हापासून लघवीच्या पिशवीकडे बघताना माझे हात गार पडतात. दुधाने तोंड पोळलंय, मामा. आणि यावेळी समोर तू. तुझ्याकडे एकच उरली आहे, आणि दुसरी कुठे गेली ते मला माहीत आहे. मला आई आणखी अकरा वर्षं मिळाली ती तुझ्यामुळे.

सीनियर उत्तम आहेत. काळजी करू नका.

तुमची भाची

&nbsp;

१५ सप्टेंबर

मापाडीबाई,

हे नाव तुला कसं पडलं ते तुला आठवतं की नाही कोण जाणे. मला आठवतं.

तुझी आई ऑपरेशननंतर तुला घेऊन आमच्या घरी राहायला आली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तिची लघवी रोज मोजून लिहायची होती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मामी लिहायची. एक दिवस तिने लिहिलं, 'साधारण एक लिटर.' तू कॅलेंडरसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "साधारण म्हणजे किती?" मामी म्हणाली, अगं असेल थोडं इकडे तिकडे. तू ते खोडलंस. दुसऱ्या दिवसापासून भांडं तुझ्या हातात. खाली बसून, एक डोळा मिटून, रेघेशी डोळा नेऊन वाचायचीस. वर्षभर. शाळेत जाताना मामीला बजावून जायचीस, "मी येईपर्यंत ओतू नका." मी तेव्हा पोटाला टाके असलेला माणूस, खाटेवर पडून बघायचो आणि मनात म्हणायचो, माझी थोरली बरोबर हातात पडली आहे.

आता तू म्हणतेस हात गार पडतात. पडू देत. आमच्या पाळीत दोन ऑपरेटर होते. एकाला पंपाचा पूर्ण भरवसा, तो खुर्चीत डुलक्या काढायचा. दुसरा मी. माझी दर पाच मिनिटांनी मीटरकडे फेरी, लोक हसायचे. छत्तीस वर्षांत माझ्या पाळीत मोटर जळली नाही. ती भीतीमुळे जळली नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज तुला सांगतो. तुमचे सीनियर मोठे असतील, त्यांना माझा नमस्कार. पण माझ्या पिशवीकडे 'साधारण' बघणारा माणूस मला नको. मला तू हवीस.

जबरदस्ती नाही. पण ठरवण्याआधी एक काम कर. त्या शिंप्याला भेटून ये. वर्ष झालं तरी गेली नसशील, मला माहीत आहे.

आणि ऑपरेशननंतर माझी यंत्रं कानांतून काढलेली असणार. तू काय बोलशील ते मला ढिम्म कळणार नाही. म्हणून कागदावर लिहून दाखव, मोठ्या अक्षरात. आमच्याकडे पंप सुरू केला की डोंगरावरच्या टाकीवरून निरोप यायचा, 'पाणी आलं'. तो आल्याशिवाय मी चहाला तोंड लावलं नाही कधी.

मामा

ता. क. – ते 'साधारण' मीच लिहिलं होतं. अजून ऐकते आहे. मामी.

&nbsp;

२९ सप्टेंबर, दुपारी चार

मामा,

तू आत झोपला आहेस, छाती यंत्राने वर-खाली होते आहे. हे पत्र तुला चार-पाच दिवसांनी वाचता येईल. मामी बाहेर बाकावर बसली आहे. तिला मी दोनदा घरी जा म्हटलं, ती दोनदा "बघू" म्हणाली.

गेल्या रविवारी शिंप्यांकडे गेले. गल्लीच्या टोकाला छोटं दुकान, दारातच त्यांचं मशीन. मला बघून ओळखलं आणि हातातलं शिवण पूर्ण केल्यावरच मान वर केली. डायलिसिस पाच आठवड्यांनी सुटलं होतं. हे मला माहीत असायला हवं होतं, मामा. मी विचारलंच नव्हतं. मी काय बोलणार होते ते सगळं विसरले आणि रडू लागले. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, "पोरी, माप तू बरोबरच घेतलं होतंस. कापडच विरलेलं होतं. तरी बघ, टिकलं." मग मला निघू देईनात. थिएटरमधल्या माझ्या झग्याच्या बाह्या लांब होतात हे मी बोलता बोलता सांगितलं, तर त्यांनी हाताचं मापच घेतलं आणि नवा झगा शिवून दिला.

आज सकाळी तोच आखूड बाह्यांचा झगा घालून मी मशीनवर बसले. हो, मीच. मोठ्या डॉक्टरांनी हात धुताना विचारलं, "घाबरली आहेस?" मी म्हटलं हो. ते म्हणाले, "मीही. चल." सीनियर माझ्या मागे उभे राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

तुझंच रक्त नळ्यांत घेतलं, सलाईन पिशवीत गेलं. दाब थोडा डगमगला, भूलतज्ज्ञांनी सावरला. रक्त पातळ झालंच नाही म्हटलं तरी चालेल. मग हृदय थांबलं आणि मी तुझा पंप झाले, चौऱ्याहत्तर मिनिटं.

चाळिसाव्या मिनिटाला लघवीच्या पिशवीत थेंब पडायचा थांबला. दहा मिनिटं काही नाही. पंधरा मिनिटं काही नाही. माझे हात बर्फ. मी दर मिनिटाला बघत होते, खाली वाकून, एक डोळा मिटून. दाब वाढवून मागितला, मशीनचा वेग चढवला, पिशवीच्या नळीला पीळ पडलाय का ते नर्सकडून दोनदा बघून घेतलं. वीस मिनिटं झाली तेव्हा एक थेंब पडला. मग दुसरा. सीनियरनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मोठे डॉक्टर टाके घालत होते, मान वर न करता म्हणाले, "आलं?" मी म्हटलं, "आलं."

पण घरची खरंच सुखरूप आहे की नाही ते आज कळणार नाही. परवा रक्ताचा रिपोर्ट येईल तेव्हा. तोपर्यंत मी तुला काही गोड सांगणार नाही, तसं तूच बजावलं आहेस.

एक राहिलं. आज थिएटरमध्ये जाण्याआधी ती पिवळी पट्टी आम्ही खरवडून काढली. मोठ्या डॉक्टरांनी पहिलं टोक उचललं.

तुझी मापाडी

&nbsp;

*(एकच कागद, पाटीला अडकवलेला. भाचीची अक्षरं मोठी आणि काळ्या जाड पेनाची. मामाची वाकडीतिकडी, उतरत गेलेली.)*

३० सप्टेंबर, सकाळ

मामा, पाणी आलं.

किती

तासाला सत्तर मिली. साधारण नाही. मोजून.

घरची?

उद्या कळेल. चहा हवा का? दोन घोट चालतील म्हणालेत.

उद्या

१ ऑक्टोबर, सकाळ

मामा, रिपोर्ट आला. किडनीचा आकडा ऑपरेशनच्या आधी होता तोच. मी तीनदा वाचला. मामीने दोनदा. घरची घरीच आहे.

आता चहा दे. पूर्ण दीडशे मिली